स्वयंसेवक आले, पण त्यांना सांभाळायचं कसं?

शाईचा_डाग | सोमवार, रात्री ९:४०

एका छोट्या संग्रहालयात काम करते. खाली दोन दालनं, वर अभिलेख कक्ष. पगारी माणसं तीन, त्यातला एक पहारेकरी. स्वयंसेवक एकवीस. हा आकडा पूर्वी मी मिरवायचे, आता आठवला की पोटात गोळा येतो.

झालं असं. एका घराण्याच्या पत्रव्यवहाराची अकरा पुडकी आमच्याकडे देणगी म्हणून आली. प्रत्येक पुडकं सुतळीने बांधलेलं, वर खोचलेली चिठ्ठी. यादी करायचं काम मी आमच्या एका ज्येष्ठ स्वयंसेवकांना दिलं. इथे त्यांना नुसतं काका म्हणते. निवृत्त आहेत, अक्षर मोत्यासारखं, चार वर्षांत त्यांचा एक मंगळवार चुकलेला नाही. मधले तीन आठवडे मी नव्या मांडणीत अडकले होते, वर फिरकलेच नाही. गेले तेव्हा सुतळ्या आणि चिठ्ठ्या टोपलीत पडलेल्या, आणि टेबलावर सगळी पत्रं तारीखवार लावून कोऱ्या फोल्डरांत. काका खूश होते. म्हणाले, "बघा, सगळा घोळ निस्तरून टाकला."

मी "छान" म्हणाले. त्या "छान"चा अजून राग येतो आहे.

काकांना काय सांगू आणि कसं? दुखावले तर जातील, आणि गेले तर वर्षाचं काम अडेल. हे फक्त काकांपुरतं नाही. एकवीस जणांपैकी कोण नेमकं काय करतंय, हे मला आज सांगता येणार नाही. ज्यांनी असे गट सांभाळले आहेत त्यांनी कृपया लिहा.

खोडरबर | सोमवार, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: तारखेप्रमाणे लावली तर बिघडलं काय? मला तर शोधायला सोपंच वाटेल.

दप्तरदार | सोमवार, रात्री ११:१२

खोडरबर, प्रश्न भाबडा नाही. काकांच्या डोक्यातही हाच होता.

एका पुडक्यात बारा कागद आहेत असं धरा. नऊ पत्रं भावाची, दोन वकिलाची, आणि मध्येच छप्पर दुरुस्तीची एक पावती. वर्षं वेगवेगळी. हे सगळं एकत्र का बांधलं? ज्याने बांधलं त्याच्या लेखी ते एकच प्रकरण होतं, बहुधा घराच्या वाटणीचं. ती पावती म्हणजे "छप्पर मी स्वखर्चाने घातलं" याचा पुरावा. आता तारीखवार लावा. बाराच्या बारा कागद शाबूत राहतील, पण वाटणीचं भांडण पुसलं जाईल. पावती नुसती पावती उरेल.

म्हणून एका घराण्याचे, एका कचेरीचे कागद दुसऱ्यात मिसळायचे नाहीत आणि मूळ रचना मोडायची नाही, हा अभिलेखागारांचा पायाच आहे. पहिला भाग फ्रान्समध्ये १८४१च्या परिपत्रकात आला. दुसरा १८९८ साली म्युलर, फाइथ आणि फ्राइन या तीन डच अभिलेखपालांच्या नियमावलीने पक्का केला. तारखेची क्रमवारी लागते कोणाला? वाचकाला. ती यादीत द्या, संगणकावर क्षणात लागते. कागद हलवायची गरज नाही.

शाईचा_डाग, आता तातडीचं. टोपली कुणालाही रिकामी करू देऊ नका. टेबलाचे आहे त्या स्थितीत फोटो काढा. मग खुणा शोधा. घड्या कशा पडल्यात, सुतळीचा वळ कागदाच्या कडेला कुठे उमटलाय, टाचणीच्या गंजाचा डाग समोरच्या कागदावर कुठे उतरलाय. आणि कसर लागली असेल तर नशीबवान आहात. किडा मजकूर बघून थांबत नाही, एकावर एक ठेवलेल्या कागदांतून आरपार जातो. भोकं जुळली की शेजार जुळला.

एक विचारू का? काकांना काम देताना तुमचे नेमके शब्द काय होते?

शाईचा_डाग | मंगळवार, सकाळी ७:५०

"यादी करा, आणि जरा नीट लावून ठेवा."

हो. कळलं.

संथ_कासव | मंगळवार, दुपारी १:३०

एका मोठ्या संग्रहालयात आठ वर्षं हेच काम करते आहे, म्हणून जरा लांबण लावते.

स्वयंसेवक फुकट पडतो हा समज आधी डोक्यातून काढा. तुमचाच हिशोब करू. एकवीस जण आठवड्याला तीन तास येतात असं धरलं तर त्रेसष्ट तास होतात. व्यवस्थापनाला हा आकडा फार आवडतो, वार्षिक अहवालात तो ठळक अक्षरात येतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा कुणी छापत नाही. प्रत्येकाला काम समजावणं, झालेलं तपासणं, खोके काढून देणं आणि परत मोजून घेणं, यात माणशी वीस मिनिटं धरा. झाले सात तास. म्हणजे तुमचा आठवड्यातला एक अख्खा दिवस. तो दिवस तुमच्या वेळापत्रकात कुठे आहे? नसेल तर ती देखरेख होतच नाहीये. काकांच्या टेबलावर तेच दिसलं.

त्यामुळे किती स्वयंसेवक मिळतील हे मी विचारतच नाही. किती जणांच्या शेजारी बसायला मला वेळ आहे, हे बघते. आमच्याकडे प्रतीक्षायादी आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. रांगेत थांबलेला माणूस फार तर कंटाळतो. आत घेऊन काम न दिलेला माणूस स्वतःच काम शोधतो, आणि ते फार महागात पडतं.

आता सांगायचं कसं. आमच्याकडे प्रत्येक कामाचा अर्ध्या पानाचा कागद असतो. काय करायचं, कुणाला विचारायचं, कुठे थांबायचं. आणि खाली जाड अक्षरात "हे करायचं नाही". लोक सगळ्यात लक्ष देऊन तेच वाचतात. "गाठ सोडण्याआधी विचारा. टाचणी काढू नका. फाटलेल्यावर चिकटपट्टी लावू नका." हे लिहून देण्यात अपमान नाही. उलट अनुभवी माणसाला हद्द माहीत असली की तो निर्धास्त काम करतो.

दुसरं म्हणजे मुदत. कुणालाही बेमुदत घ्यायचं नाही. पहिले सहा दिवस दोन्ही बाजूंनी बघून घ्यायचे, मग वर्षभराचं पत्र, वर्षअखेर समोरासमोर बसून पुढचं ठरवायचं. हे सुरू केलं तेव्हा मला वाटलं होतं की नको असलेली माणसं सभ्यपणे कमी करायला उपयोग होईल. झालं भलतंच. ज्यांना स्वतःलाच थांबायचं होतं पण "संस्थेला वाईट वाटेल" म्हणून वर्षानुवर्षं पाय ओढत येत होते, त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पहिल्याच वर्षी पाच जण हसत गेले. त्यातल्या एक बाई आता फक्त उद्घाटनांना येतात, आणि आधीपेक्षा आनंदात असतात.

तपासणीबद्दल वेगळं लिहायला हवं. थोडक्यात, नव्या माणसाच्या पहिल्या पन्नास नोंदी सगळ्या तपासा, मग दहात एक. चूक सापडली तर त्याच दिवशी सांगा. तीन आठवड्यांनी सांगितलेली चूक आरोपासारखी लागते.

निळी_फाईल | मंगळवार, दुपारी २:१५

कासव, "काम न दिलेला माणूस स्वतःच काम शोधतो" याला हजार वेळा +१.

आमच्याकडचा किस्सा. जुन्या छायाचित्रांना नोंद क्रमांक घालायचे होते. सोबत दिलेल्या पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून एका उत्साही मुलाने खिशातलं बॉलपेन काढलं आणि चाळीस फोटोंच्या पाठीवर नंबर घातले. सुवाच्य, एका ओळीत, चांगले दाबून. फोटो सुलटे करून उजेडात तिरके धरले की प्रत्येक चेहऱ्यावर आकडा उमटलेला दिसतो. एका आजींच्या गालावर उलटा सात आहे. तो कधीही जाणार नाही.

मुलाला कुणी बोललं नाही, कारण "बॉलपेन नको" हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे ते गृहीतच धरून होतो. आता दारातच पेनं काढून घेतो. मऊ पेन्सिल, आणि तिच्या शेजारी टोकयंत्र!

खोडरबर | मंगळवार, दुपारी २:३१

मग पांढरे हातमोजेही घालायला लावत असाल. टीव्हीवर बघतो नेहमी.

निळी_फाईल | मंगळवार, दुपारी २:४०

कागदाला नाही. सुती मोज्यात बोटांना अंदाज राहत नाही, पानाची कड धागा पकडते आणि फाटते. हात धुऊन कोरडे करायचे, बस. फोटो आणि धातूच्या वस्तूंना मात्र नायट्राइलचे (पातळ कृत्रिम रबराचे) मोजे हवेतच, बोटांचा घाम तिथे ठसा सोडतो. टीव्हीवाले आले की हमखास पांढरे मोजे मागतात, चांगले दिसतात म्हणून.

उलटा_प्रवाह | मंगळवार, सायंकाळी ६:२०

सगळे पद्धती सांगताहेत, मूळ प्रश्नाला कुणी हात घालत नाहीये. तीन पगारी माणसांवर चालणारी संस्था एकवीस फुकट माणसं ठेवते याचा अर्थ तिथे किमान दोन जागा भरायला हव्यात. त्या भरल्या जात नाहीत, कारण काका आहेत. अभिलेखशास्त्र शिकलेली मुलं नोकरी शोधत फिरतात आणि त्यांना "आधी स्वयंसेवक म्हणून अनुभव घ्या" सांगितलं जातं. दोन वर्षं बिनपगारी येणं कुणाला परवडतं? ज्यांच्या घरात दुसरं कुणी कमावतं त्यांनाच. मग संग्रहालयात एकाच थरातली माणसं का दिसतात यावर परिसंवाद घ्यायचे.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये हेच ओळखलं. दालनं दाखवणाऱ्या बिनपगारी मार्गदर्शकांची जुनी पद्धत बंद केली आणि पगारी शिक्षक नेमायचं ठरवलं.

दालनातली_मावशी | मंगळवार, रात्री ८:०२

उलटा_प्रवाह, ती बातमी मीही वाचली होती, आणि अख्खी वाचली होती. ऐंशीच्या वर माणसं होती ती. बहुतेक बायका, बहुतेक वयस्क. दीड वर्षाचं प्रशिक्षण घेतलेल्या, शेकडो चित्रं तोंडपाठ असलेल्या. त्यांना पत्राने कळवलं. भरपाई म्हणून संग्रहालयाचं सदस्यत्व देऊ केलं. हेतू चांगला असेलही, पण वीस वर्षं आलेल्या माणसाला असं निरोपाचं पत्र धाडतात?

मी स्वतः दालनात माहिती देते, बारा वर्षं झाली. आमच्या प्रकारच्या स्वयंसेवकाला इंग्रजीत डोसंट म्हणतात. हा शब्द संग्रहालयात आणला बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने, १९०७ साली. तेव्हापासून जगभर हे काम बहुतेक आमच्यासारख्यांनीच केलंय. मला पगार नको आहे. मला हवंय ते एवढंच, की नवी मांडणी होणार असेल तर ती मला प्रेक्षकांच्या आधी कळावी. गेल्या वेळी एका मुलाने विचारलं, "इथली मूर्ती कुठे गेली?" आणि मी तोंडाकडे बघत राहिले. पहारेकऱ्याला माहीत होतं.

उलटा_प्रवाह | मंगळवार, रात्री ८:३०

मावशी, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण तुम्हाला पगार नको असणं आणि दुसऱ्याला तो हवा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संथ_कासव | मंगळवार, रात्री ९:१०

दोघांचंही खरं आहे. माझी कसोटी सांगते. उद्या हा स्वयंसेवक आला नाही तर संग्रहालय उघडेल का? उघडणार नसेल तर ती नोकरी आहे, तिला पगार हवा. दाराच्या किल्ल्या, तिजोरी, दाखल नोंदवही, आगीच्या वेळची जबाबदारी या गोष्टी मी स्वयंसेवकाकडे देत नाही. अविश्वास म्हणून नव्हे. त्या ओझ्याचा मोबदला मी देत नाही, म्हणून.

आणि शिकाऊ मुलांना "स्वयंसेवक" म्हणून राबवणं मला मान्य नाही. ते शिकायला आले असतील तर कुणीतरी शिकवायला बसलं पाहिजे.

दप्तरदार | मंगळवार, रात्री ९:४५

विश्वासाचा विषय निघालाच आहे तर: "बाहेरची माणसं आत घेतली की चोऱ्या होतात" असं व्यवस्थापन समित्यांत हमखास ऐकू येतं. ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या असल्याचं २०२३ मध्ये बाहेर आलं. तिथे संशय पगारी माणसावर होता. आणि प्रकरण वाढलं ते गेलेल्यातल्या बऱ्याच वस्तूंची पुरेशी नोंदच नव्हती म्हणून. जी वस्तू वहीत नाही ती गेली हे कळणार कसं? ती नोंद करायला बहुतेक ठिकाणी कोण बसतं? काका बसतात.

दुरून_वाचणारा | बुधवार, पहाटे १:२०

मी घरबसल्या हस्तलिखितं उतरवणाऱ्या जमातीतला. ऑनलाइन प्रकल्पांनी देखरेखीचा प्रश्न थोडा वेगळ्या अंगाने सोडवलाय, म्हणून लिहितो.

अमेरिकेची १९४० सालची जनगणना २ एप्रिल २०१२ रोजी खुली झाली. सव्वातेरा कोटींच्या आसपास नावं. दीड लाखाहून जास्त स्वयंसेवकांनी काही महिन्यांत त्यांची सूची केली. इतक्या लोकांवर लक्ष कोण ठेवणार? तिथे एकच पान दोघं जण एकमेकांचं न बघता भरत. जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर तिसरा अनुभवी माणूस निवाडा करी. म्हणजे माणसापेक्षा नोंदीवर लक्ष. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-समूहाच्या २०१३ पासूनच्या उतारा केंद्रात एक जण उतरवतो, दुसरा तपासतो, मग कर्मचारी शिक्का मारतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० मध्ये जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाची हस्तलिखितं अशीच लोकांपुढे ठेवली. अक्षर इतकं भयंकर की त्यापुढे डॉक्टरांची चिठ्ठी बरी. तिथेही प्रत्येक उतारा प्रकल्पातला माणूस तपासतो.

माझा स्वतःचा दोष सांगतो. सुरुवातीला मी शुद्धलेखन सुधारून उतरवायचो. मूळ लेखकाने एकच नाव एका पानावर तीन प्रकारे लिहिलेलं, मी तिन्ही सारखी केली. तपासनीस बाईंनी परत पाठवलं. सोबत एकच ओळ होती: "त्यांनी लिहिलं तसंच लिहा, तुम्हाला वाटतं तसं नको." महिनाभर फुगून बसलो होतो. मग कळलं की त्या तीन रूपांवरूनच कुणीतरी ठरवत होतं की मजकूर कुणाच्या हातचा आहे. आता वाचता आलं नाही तर चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह टाकतो आणि शांत झोपतो.

खोडरबर | बुधवार, सकाळी ९:०५

म्हणजे काकांनी केलं तेच तुम्ही केलंत. घोळ निस्तरलात.

दुरून_वाचणारा | बुधवार, सकाळी ९:१२

अगदी तेच. निस्तरायची खाज फार वाईट.

निळी_फाईल | बुधवार, दुपारी १२:४०

थोडं अवांतर, पण पावसाळ्याआधी पाणी शिरण्याची चर्चा निघते म्हणून. ४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीचा पूर आला, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरातले ग्रंथ चिखलात गेले. ठिकठिकाणची तरुण मुलं आपणहून आली आणि माणसांची साखळी करून ओली पुस्तकं हातोहात वर काढली. पुढे त्यांना "चिखलातले देवदूत" नाव पडलं. ऐकायला छान आहे. पण ओल्या कागदावर दोनेक दिवसांत बुरशी धरते, आणि त्या वेळी दारात उभ्या राहिलेल्या पन्नास देवदूतांना ओलं पुस्तक उघडायचं नाही, पुसायचं नाही, हे शिकवत बसता येत नाही. आमच्या स्वयंसेवकांची वर्षातून एकदा रद्दी पुस्तकं भिजवून तालीम घेतो. सगळ्यांचा सर्वात आवडता दिवस तोच.

संपादक | बुधवार, दुपारी १:००

पुराचा वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे स्वयंसेवकांबद्दलच बोलू.

दालनातली_मावशी | बुधवार, दुपारी १:१०

काकांचं काय झालं ते सांगाल ना शाईचा_डाग? जीव टांगणीला लागलाय. आणि बोलाल तेव्हा सगळ्यांसमोर बोलू नका.

शाईचा_डाग | पुढचा मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. आजचा वृत्तान्त.

काकांना वर एकट्याला गाठलं. आधी माझी चूक सांगितली. काम नीट सांगितलं नाही, तीन आठवडे आले नाही, आणि आवडलं नसताना "छान" म्हणाले. मग दप्तरदारांचं छपराच्या पावतीचं उदाहरण जसंच्या तसं वापरलं. काका काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत घातला, मग पिशवीतून शंभर पानी वही काढली.

आयुष्यभर हिशेबखात्यात होते. नोंद केल्याशिवाय गाठ सोडायला हात धजेना, असं म्हणाले. पहिल्या चार पुडक्यांतलं प्रत्येक पत्र क्रमाने लिहिलेलं: पुडकं, वरून कितवं, कुणाचं कुणाला, चिठ्ठीवरचा मजकूर. पाचव्यापासून कोरं. विचारलं तर म्हणाले, "तुम्ही कधी विचारलं नाहीत. वाटलं, तुम्हाला याचा उपयोग नसावा."

काय बोलणार?

चार पुडकी वहीवरून परत लागली. उरलेल्या सातांसाठी खिडकीपाशी बसलो. सहाव्यात कसर निघाली (दप्तरदार, तुम्हाला दंडवत). नऊ पत्रं एकावर एक ठेवून उजेडाकडे धरली तर एका भोकातून पलीकडचं झाड दिसलं. काका लहान मुलासारखे ओरडले. आठव्याला टाचणीच्या गंजाने वाचवलं. तीन पुडक्यांचा अजून पत्ता नाही, त्यांचा बहुधा लागणारही नाही. यादीत तसं स्पष्ट लिहिणार आहे, कुणी केलं ते न लिहिता. काका म्हणतात नाव घाला. तो वाद बाकी आहे.

नवीन स्वयंसेवक घेणं थांबवलं आहे. एकवीस जणांना भेटायला सुरुवात केली, सहा झाले. त्यातल्या दोघांना आपण इथे नक्की काय करतो ते सांगता आलं नाही, आणि एकीने "मला थांबायचंय, पण कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं" असं सांगितलं. कासवताई, तुम्ही म्हणालात तसंच. "हे करायचं नाही"चा पहिला मसुदा काकांनीच लिहून दिला, बावीस कलमं आहेत. मी नऊवर आणली, तर रुसले.

टोपलीतल्या सुतळ्या पाकिटात घातल्या आहेत. पाकिटाला स्वतंत्र नोंद क्रमांक द्यायचा की पत्रांचाच पोटक्रमांक, यावर आमचं एकमत झालेलं नाही. दप्तरदार, तुम्ही काय केलं असतं?